चारचौघांतलं वजन

बायकोला वजनकाट्यावर उभं राहायचंही त्राण नव्हतं. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "विषाणूवरचं इंजेक्शन वजनाच्या हिशेबाने द्यायचंय. यांचं वजन किती?"

मास्कवरून तिने डोळे वटारले. "चारचौघांत माझं वजन सांगितलंत तर बघा हं!" ही तिची लग्नापासूनची तंबी.

"ऐंशी," त्याने नेहमीचं ठरलेलं सांगून टाकलं. ती मास्कआड खुदकन हसली.

दोनच दिवसांत सगळं संपलं. "औषध कमी पडलं हो," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

शववाहिकेवाला दारातून डोकावला. "उचलायला किती माणसं आणू? वजन किती बाईंचं?"

 

"एकशे अठरा," तो म्हणाला, आणि ती डोळे वटारते का, ते त्याने सवयीने वळून बघितलं.