वाफ दिसता कामा नये

"कट!" दिग्दर्शक वैतागला. "वाफ दिसली परत. मेलेली बाई श्वास घेतेय राव."

बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पोती एका अंगाला सारून, फरशीवर मीठ आणि थर्माकोलचा भुगा पसरून हिमशिखर उभं केलं होतं. सिनेमाचं बजेटच तेवढं. थंडी मात्र अस्सल होती. दुपारी नवा माल यायचा होता, त्याआधी शेवटचा सीन उरकायचा होता. बर्फात अडकलेली बायको गारठून मरते, नवरा तिच्या तोंडाशी गाल नेतो आणि म्हणतो, "गेली ती."

एवढंच वाक्य, पण ते नटाच्या तोंडून निघेना. त्याची स्वतःची बायको उन्हाळ्यात वारली होती आणि ते त्यानं अजून कुणालाही तोंडानं सांगितलेलं नव्हतं. सगळीकडे भावानंच फोन केले होते. वाफ दिसून शॉट वाया गेला की, खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटायचं. गालाला लागणारी ती ऊब त्याला हवी होती.

पुढच्या टेकला नटीनं तोंडात बर्फाचा खडा धरला. तोंड गार, वाफ बंद. त्यानं गाल नेला. काहीच लागलं नाही. तो घाबराघुबरा होऊन तिचे हात चोळू लागला.

"अगं, घे ना श्वास. एकदा घे."

दिग्दर्शक शेजारी येऊन उकिडवा बसला. "दादा, मेलीय ती."

"माहितीय मला."

"मग तसं म्हणा की."

तेवढ्यात एक दिवा गेला. दिग्दर्शक चरफडत तिकडे धावला. नटीनं खडा थुंकून टाकला, पण ती जागची उठली नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "लाईट येईपर्यंत मी श्वास घेते. तुम्ही बसा इथंच."

तो वाकला. ती सावकाश श्वास सोडत राहिली. बायको घोरते म्हणून वर्षानुवर्षं तो पाठ फिरवून, कानावर उशी दाबून झोपला होता. आज त्या घोरण्यासाठी त्यानं वाट्टेल ते दिलं असतं.

दिवा लागला. "चला, घेऊ या," हाक आली. नटीनं दुसरा खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. ऊब ओसरली.

कॅमेरा सुरू झाला. त्यानं तिच्या कपाळावरचं मीठ झटकलं, कोटाचं वरचं बटण लावलं. मग जरा थांबून, दोघं मिळून कुठं निघाल्यासारखं, साध्या आवाजात म्हणाला,

"तू हो पुढे. मी कुलूप लावून आलोच."