झिपरूचा जबाब

चौथी काठी पाठीवर बसली तेव्हा झिपरू धोंडीच्या अंगावर पालथा पडलेला होता. पाचवी मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला, तरी तिच्या डोक्यावर धरलेला हात काढला नाही.

तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला तो पाडा. साल १९८९. झिपरूचा मुलगा तापाने गेला होता. भगताने तांदूळ बघून सांगितलं, हे भुतालीचं, चेटकिणीचं काम, आणि भुताली म्हणजे शेजारच्या झोपडीतली धोंडी, झिपरूची विधवा काकी. पंधरा-वीस माणसांनी तिला घरातून फरफटत खळ्यात आणलं होतं. आणि आता त्याच झिपरूने तिला पोटाखाली घेतलं होतं.

त्याचा सख्खा भाऊ जिव्या ओरडत होता, तुझंच पोर खाल्लंय तिनं, बाजूला हो. त्याने झिपरूला केसांना धरून ओढलं, बरगडीत लाथा घातल्या. झिपरूच्या तोंडातलं रक्त धोंडीच्या मानेवर गळत होतं.

"आधी मला मारा," एवढंच तो म्हणत राहिला.

शेवटी मारणारेच दमले. एकेक करून पांगले.

बैलगाडीतून दोघांना तलासरीला दवाखान्यात नेलं. धोंडीच्या डोक्याला अकरा टाके पडले. ती वाचली.

रविवारी मिशनच्या देवळात फादरांनी प्रवचनात झिपरूचं नाव घेतलं. देव माणसाच्या आतून बोलतो, म्हणाले, आणि मुलाचं दुःख ताजं असतानाही झिपरूने तो आवाज ऐकला. सगळे वळून बघू लागले. झिपरू मागे भिंतीला टेकून बसला होता, मान खाली घालून. ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागली तेव्हा तो उठला नाही. बरगड्या दुखत असतील, असं लोकांना वाटलं. त्याची बायको तुळशी एकटीच पुढे जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी हवालदार धोंडीचा जबाब घ्यायला दवाखान्यात आला. झिपरूला साक्षीला बोलावलं होतं. धोंडीने जिव्याचं नाव सांगितलं, आणखी सहा जणांची सांगितली. पहिली काठी कोणाची, ते मात्र तिला माहीत नव्हतं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, काठी मागून डोक्यात बसली. झिपरू आला नसता तर मी मेले असते, असं म्हणून तिने त्याचा चांगला हात आपल्या हातात घेतला. तुळशी दारातून त्याला खुणेने घरी चल म्हणत होती.

हवालदाराने कागद झिपरूपुढे केला. "सगळं बरोबर आहे ना? मग लाव अंगठा."

झिपरूने काकीच्या हातातून हात सोडवून घेतला.

"एक नाव राहिलं, साहेब. पहिली काठी मी घातली. काकी पडली, आणि वाचव म्हणून तिनं मलाच हाक मारली."