मुकादमबाईंची पोरं

"तिघंच? चौथं कार्टं कुठं उलथलं?"

मुकादमबाईंनी बागेच्या फाटकातूनच तोफ डागली. पोरं मुकाट्यानं फावडी उचलायला लागली. लंब्या, बारक्या आणि मुका. मुका एरवी बोलायचा भरपूर, पण बाईंपुढं त्याची दातखीळ बसायची.

"येईल, बाई," लंब्या म्हणाला. "कोर्टात अडकलाय."

"परत कोर्ट!" बाईंनी कपाळावर हात मारला.

आजचाच दिवस बरा सापडला! बागेचे नवे अधिकारी दुपारी यायचे होते. कोर्टाला आणखी तीन मुलांना शिक्षा म्हणून बागेत कामाला पाठवायचं होतं. बागेनं नाही म्हटलं, की ती थेट सुधारगृहात जाणार. आणि साहेब नाहीच म्हणत होते.

"असली पोरं सुधारत नसतात, बाई. कुत्र्याचं शेपूट ते."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "शनिवारी या. माझी चौघं दाखवते. एक जरी कमी भरलं, तर तुमचं खरं!"

आणि नेमका वांडच गायब.

वांड हा चौघांचा म्होरक्या. रोपवाटिकेच्या काचा फोडायची अक्कल त्याचीच. कोर्टानं चौघांना बाईंच्या हवाली केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं फावडं भिरकावलं होतं. बाईंनी कान धरून ते परत उचलायला लावलं. आता त्याच्या हातचा वाफा दोरी लावल्यासारखा सरळ यायचा, आणि बाई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवायच्या.

"बारक्या, बसलास काय? तुझ्या वयात मी एकटी अख्खा वाफा खणायची!"

"गुडघे, बाई..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? ऊठ!"

बारक्या नावालाच बारक्या. तो कुरकुरत उठला, मुक्यानं त्याला हात दिला. बाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं. बघा कशी राबतात माझी पोरं, असं कुणाला तरी ओरडून सांगावंसं त्यांना वाटत होतं.

फाटकाबाहेर गाडीचं दार वाजलं. वांड जवळजवळ धावतच आत आला.

"चुकलं, बाई. कोर्टातून निघताच येईना."

बाईंनी त्याचा कान पिळला. "माझं नाक कापलं असतंस ना, मेल्या!"

"कापू देईन का? फावडं द्या."

बाह्या सरसावून तो वाफ्यात उतरला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"पोरं कुठायत, बाई?"

"ही काय चौघं."

"हे? हे तर आजोबा आहेत सगळे!" साहेब हसायलाच लागले. "कोर्टानं तुमच्याकडं दिलेली पोरं विचारतोय मी."

"तीच ही. यांची शिक्षा संपली तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता, साहेब. तरी शनिवार चुकवत नाहीत."

वांड कंबर धरून सरळ झाला आणि पांढऱ्या केसांतली माती झटकत त्यांच्याकडं वळला. साहेबांचं हसू जागच्या जागी विरलं.

"न्या... न्यायाधीश साहेब? ती तीन पोरं इथं पाठवणारे... आपणच?"

"साहेब तो तिकडं कोर्टात," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "इथं त्याचा वाफा राहिलाय अजून. जरा बाजूला व्हा."