विषय ठरला, शिकवणार कोण?

नागोयातली ती कंपनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटवर दर महिन्याला मोफत ऑनलाइन सेमिनार घ्यायची. या खेपेला विषय लोकांनाच विचारला, तर आठशे जणांनी एकच लिहून पाठवला : साहेबाला ‘नाही’ कसं म्हणावं?

विषय झकास होता, पंचाईत शिकवणाऱ्याची झाली. विभागप्रमुख नुकागासाहेबांनी टेबलाभोवती बसलेल्या एकेकाला विचारलं, “या शनिवारी तुम्ही घ्याल?”

“हो साहेब,” पहिला म्हणाला. “हो साहेब,” दुसराही म्हणाला. तिसऱ्याने तर प्रश्न संपायच्या आतच मान लववली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. “अहो, विचारल्याबरोबर हो म्हणणारा माणूस हे काय कप्पाळ शिकवणार!”

राहता राहिल्या इसोगाईबाई. शनिवारी लेकीच्या शाळेत आईलेकींची तीन पायांची शर्यत होती, आणि गेली दोन वर्षं लेक शेजारणीच्या पायाला पाय बांधून पळाली होती. बाईंच्या ओठांवर सवयीने आलेला ‘हो’ त्यांनी गिळला.

“नाही साहेब. मला जमणार नाही.”

साहेब टाळ्या वाजवतच उठले. “सापडल्या! सेमिनार तुम्हीच घ्यायचा, इसोगाई-सान!”

“घेईन की,” बाईंना आता चेव चढला होता, “पण शनिवारी नाही.”

साहेबांचा चेहरा पडला. खुर्ची ओढून ते बाईंच्या शेजारी येऊन बसले, वही उघडली आणि हळूच म्हणाले, “शनिवार मोठ्या साहेबांनी ठरवलाय हो. त्यांना नाही कसं म्हणायचं, तेवढं मला आधी शिकवा.”