बॅगेत काय भरलंय?

भर दुपारी बाप हॉलमध्ये ढाराढूर घोरत पडलेला. खाली गेटपाशी श्रीनिवास गाडी चालू ठेवून उभा. उत्कर्षानं चपला हातात घेतल्या, हळूच कडी काढली, आणि मागून आईनं बॅगेचा पट्टा धरला. संपलं सगळं!

"पळून चाललीस व्हय?" आईनं दबक्या आवाजात विचारलं आणि बॅग तिथंच उपडी केली. "साड्या? नुसत्या साड्या घेऊन चाललीस, गाढवे?"

साड्या पायानं बाजूला सारून ती आत गेली. कपाटातून उत्कर्षाच्या मार्कशीट आणि डिग्री आणून तिनं बॅगेत कोंबल्या.

"प्रेम कर, लई कर. जीव ओवाळून टाक. पण ही कागदं त्याच्या हातात द्यायची न्हाईत."

उत्कर्षाला रडू फुटलं. "आई, श्रीनिवास तसला नाही गं."

आईनं घोरणाऱ्या बापाकडं बोट केलं.

"ह्योबी नव्हता. मीबी ह्याच्यासंगं अशीच पळून आले होते की. माझी नर्सिंगची सर्टिफिकिटं पहिल्याच भांडणात ह्यानं बंबात घातली. पळ आता, उठायच्या आत!"