दीपाचं तोळामासा

नागापूरला एकाच घरात दोघी जावा नांदत होत्या. एकदा थोरलीला, जयमालाला, दाराआडून सासूचं अर्धंमुर्धं बोलणं ऐकू आलं. भागिरथीबाई धाकट्या लेकाला सांगत होत्या, "दीपाचं तोळामासा… जयमालाच्या कानावर जाऊ देऊ नगं."

जयमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरली असून आपल्या गळ्यात दोन मणी आणि धाकटीला चोरून सोनं. सासू बाजाराला गेल्यावर तिनं जावेला फर्मावलं, "आज सगळं पानी तू भर. माझा हात दुखतोय."

दीपा हसून हापशावर गेली आणि भरलेल्या हंड्यासकट कोसळली.

दवाखान्यात सलाईन लावलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. बाहेर बाकड्यावर जयमालानं सासूला त्या सोन्याचं विचारलं.

"कसलं सोनं? तिची तब्येत तोळामासा हाय, असं म्हनत हुते मी. हृदयाची झडप खराब हाय पोरीच्या."

"मग माझ्यापासून का लपवलं?"



"तिनंच शपथ घातली. म्हनली, आक्काला कळलं तर ती सगळं काम एकटीच वढील."