तलावावरचा वजनकाटा

बायको थोरा गेल्यावर हाल्डोर पोहायला फिरकलाच नव्हता. यंदाच्या हिवाळ्यात तो विनिपेग सरोवराकाठच्या आपल्या गावातल्या बंदिस्त जलतरण तलावावर पुन्हा रोज जाऊ लागला. पँट कमरेला ढिली झाली, तरी तिथल्या जुन्या उभ्या वजनकाट्यावर त्याचं वजन वाढतच चाललं होतं.

“पोहून वजन वाढवणारे तुम्हीच पहिले!” तलाव सांभाळणारी डोरीन हसली. “घरी जाऊन केक हाणता ना? खरं सांगा.”

“काटा बिघडलाय बहुतेक,” काट्यावर उभा हाल्डोर पुटपुटला. “नाहीतर मीच.”

“काट्याला नावं ठेवू नका. माझं बरोबर दाखवतो मेला!”

ती गेली. हाल्डोरला थोराची खोड आठवली. तो वजन करू लागला की ती मागून हळूच काट्यावर एक पाय टेकवायची, आणि तो वळेपर्यंत काढून घ्यायची. मग दोघंही पोट धरून हसायची.

आज वळून पाहावंसं त्याला फार वाटलं. पण मागे कुणीच नसलं तर?

तबकडीवरची नजर न हलवता तो बाजूला उतरला. काटा शून्यावर आला नाही. जेमतेम एका पायाच्या भारावर थांबून राहिला.

“थोरा,” तो हलकेच म्हणाला, “दुसराही ठेव ना.”

काटा सावकाश पुढे सरकू लागला.